सियालदहच्या पूर्वेचं चामडं: व्यापारी संघटना कशासाठी असते?

आज आपण कोलकात्याला जाणार आहोत. पण हावडा पूल, व्हिक्टोरिया मेमोरियल, कॉफी हाऊस यांतलं काहीच आज बघायचं नाही. आपण सियालदह स्टेशनवर उतरायचं आणि शहराकडे न जाता पूर्वेकडे बघायचं.

स्टेशनच्या अगदी शेजारी एक प्रचंड सरकारी रुग्णालय आहे. लोक त्याला 'एनआरएस' म्हणतात. पूर्ण नाव नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय. इंग्रजांच्या काळात हेच कॅम्पबेल मेडिकल स्कूल होतं. नीलरतन सरकार तिथेच शिकले, पुढे कोलकात्यातले नामवंत डॉक्टर झाले, कोलकाता विद्यापीठाचे कुलगुरू झाले. स्वातंत्र्यानंतर त्यांचं नाव या संस्थेला दिलं गेलं. रोज हजारो माणसं त्या पाटीखालून जातात. पण या डॉक्टरांनी १९०५ साली, वंगभंगाच्या चळवळीत, कातडी कमावण्याचा कारखाना काढला होता, हे त्यातल्या किती जणांना माहीत असेल? नाव होतं नॅशनल टॅनरी. जागा सियालदहच्या पूर्वेला, पागलाडांगा.

१९०५ साल. भद्रलोक घरातला, उच्चशिक्षित डॉक्टर. स्वदेशी म्हणून त्याने कापडाची गिरणी काढली असती तर कुणालाच नवल वाटलं नसतं. पण कातडं? ज्याला हात लावणाऱ्याला गावाबाहेर ठेवायचं, त्या धंद्यात स्वदेशीचं भांडवल? याचं उत्तर शोधायला गेलो की आपण थेट आजच्या विषयावर येतो: कातड्याच्या धंद्यातल्या संघटना. त्या कुणाच्या होत्या, त्यांनी काय केलं आणि काय करायचं राहून गेलं.

आधी दोन शब्द

मराठीत आपण 'कातडं' आणि 'चामडं' हे शब्द सहज एकमेकांच्या जागी वापरतो. धंद्यात मात्र फरक आहे. जनावराच्या अंगावरून उतरवलेलं, मीठ लावून किंवा वाळवून ठेवलेलं ते कच्चं कातडं. चुन्यात भिजवून, केस काढून, बाभळीच्या सालीत, हिरड्यात किंवा क्रोमच्या क्षारात मुरवून तयार होतं ते चामडं. कातडं सडतं, चामडं टिकतं. या दोन अवस्थांमध्ये जे काम घडतं त्याला आपण 'कमावणं' म्हणतो, आणि सगळा नफा, सगळा वास आणि सगळं घाण पाणी या कमावण्याच्या टप्प्यावर असतं.

आपल्याकडे हे काम ढोर समाजाकडे होतं, चपला-जोडे शिवणं चांभार समाजाकडे. धारावीतला संत कक्कय्या मार्ग याच इतिहासाची खूण आहे. बंगाल-बिहारमध्ये हे काम चमार, मोची, ऋषी अशा जातींकडे आणि कातड्याचा व्यापार बराचसा मुसलमान व्यापाऱ्यांकडे. म्हणजे कातडं जितके हात बदलायचं, तितकी त्याची किंमत वाढायची आणि हात लावणाऱ्याची प्रतिष्ठाही. ओरपणारा सगळ्यांत खाली, वजन करणारा मध्ये आणि जहाजात चढवणारा सगळ्यांत वर.

जहाजात चढवणाऱ्यांची संघटना

सगळ्यांत आधी संघटित झाले ते हे वरचे लोक.

पहिल्या महायुद्धाच्या आधी कोलकाता हे कच्च्या गाईबैलांच्या कातड्याचं फार मोठं निर्यात बंदर होतं. बाजारात मालाची नावं गावांवरून पडलेली: आग्रा, दरभंगा, पूर्णिया, ढाका. वाटेत किडे लागू नयेत म्हणून कातड्यांना सोमल, म्हणजे आर्सेनिक, लावलेलं असायचं. पूर्व बंगाल रेल्वेचं शेवटचं स्टेशन सियालदह, त्यामुळे पूर्वेकडचा ताग, तांदूळ, माणसं, सगळं याच बाजूने शहरात शिरायचं. आणि हा कच्च्या कातड्यांचा व्यापार होता कुणाच्या हातात? मुख्यतः जर्मन पेढ्यांच्या. त्यांनी आपसांत साखळी केली होती, भाव तेच ठरवायचे, माल हँबर्ग-ब्रेमेनकडे जायचा. इंग्रजांच्या राजधानीतला धंदा आणि गल्ला जर्मनांचा!

१९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि ही साखळी एका फटक्यात तुटली. त्याच वेळी सैन्याच्या बुटांसाठी चामड्याची मागणी वाढली. मद्रास आणि मुंबईकडचं सालीत कमावलेलं चामडं ब्रिटिश युद्धखात्यासाठी सरकारी ताब्यात खरेदी होऊ लागलं. तेव्हा सरकारच्या लक्षात आलं की कच्चा माल देणाऱ्यापेक्षा कमावलेला माल देणाऱ्याचं महत्त्व जास्त आहे.

म्हणून सप्टेंबर १९१९ मध्ये कच्च्या कातड्याच्या निर्यातीवर १५ टक्के जकात बसली. ब्रिटिश साम्राज्यात कमावण्यासाठी माल गेला तर त्यातले १० टक्के परत. हेतू दुहेरी होता: जर्मनांनी पुन्हा हा व्यापार काबीज करू नये आणि इथले कारखाने उभे राहावेत.

आता पाहा, एकाच धंद्यातली माणसं कशी समोरासमोर आली. कोलकात्याच्या निर्यातदारांची संघटना होती, कलकत्ता हाईड्स अँड स्किन्स शिपर्स असोसिएशन. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या बेंगॉल चेंबर ऑफ कॉमर्सशी तिचं नातं. अशा संघटनेचं रोजचं काम म्हणजे सौद्याचे नमुने ठरवणं, मालाची प्रत लावणं, भांडण झालं तर लवाद नेमणं, आणि गरज पडली की सरकारला पत्र लिहिणं. निर्यातदाराला कच्चं कातडं बाहेर जायला हवं, म्हणजे जकात नको. कमावणाऱ्याला ते देशात राहायला हवं, म्हणजे जकात हवी. पारडं कुणाचं जड असणार? ज्याच्याकडे कार्यालय आहे, चिटणीस आहे, इंग्रजीत निवेदन लिहिणारा माणूस आहे, त्याचं. १९२२ च्या फिस्कल कमिशनने या जकातीवर टीका केली आणि १९२३ मध्ये ती १५ वरून ५ टक्क्यांवर आली.

जकात कमी करण्यामागे युद्धानंतरची मंदी होती, जगाचा बाजार होता, हे खरं आहे. पण सरकारच्या टेबलावर कुणाचे कागद पोहोचतात याला किंमत असतेच. कातडं ओरपणाऱ्या चमाराचा कागद त्या टेबलावर नव्हता.

थोड्याच वर्षांत, १९२९-३० मध्ये, सरकारने कातड्यावर उपकर बसवावा का हे तपासायला एक समिती नेमली. भारतीय कातडं जगात बदनाम होतं. ओरपताना सुरीचे काप पडायचे, जिवंतपणी दिलेल्या डागांनी कातडं खराब व्हायचं, मीठ नीट लागायचं नाही. उपकराच्या पैशातून हे सुधारावं अशी कल्पना. कल्पना चांगली होती. पण सुरी ज्याच्या हातात, त्याला नीट ओरपल्याचा जास्त दाम मिळत नव्हता, मग त्याने जपून का ओरपावं? हा अगदी साधा प्रश्न होता आणि तो विचारणारी संघटना त्याची स्वतःची असायला हवी होती.

डॉक्टर, प्राध्यापक आणि पागलाडांगा

आता नीलरतनबाबूंकडे परत येऊ. कच्चा माल आपला, कमावणार परदेशी, बूट पुन्हा आपणच विकत घ्यायचे: कापसाची जी गोष्ट दादाभाई आणि रानडे सांगत होते, तीच ही गोष्ट. नॅशनल टॅनरी हे तिला दिलेलं उत्तर होतं. या उद्योगांनी डॉक्टरांना श्रीमंत केलं नाही, उलट आर्थिक फटका दिला. पण एक गोष्ट झाली. कमावण्याचं काम रसायनशास्त्राचा विषय म्हणून सुशिक्षित घरांच्या कानावर पडू लागलं.

१९१९ मध्ये सरकारने याच भागात कलकत्ता रिसर्च टॅनरी काढली. तिचे प्रमुख बी. एम. दास. इंग्लंडमधल्या लीड्सला त्यांनी चर्मविद्या शिकून घेतली होती. पुढे या संस्थेचं नाव बेंगॉल टॅनिंग इन्स्टिट्यूट झालं. छोट्या कारखानदारांना क्रोमची पद्धत शिकवणं, नमुने तपासून देणं, मुलांना प्रशिक्षण देणं ही तिची कामं. स्वातंत्र्यानंतर मद्रासला केंद्रीय चर्म संशोधन संस्था उभी राहिली, तिचे पहिले संचालकही हेच दास.

सालीत कातडं मुरायला आठवडेच्या आठवडे जातात, क्रोममध्ये काम थोड्या दिवसांत होतं. भांडवल लवकर मोकळं होतं. त्यामुळे छोट्या माणसालाही कारखाना काढता येऊ लागला, आणि इथे आपल्या गोष्टीत चिनी माणूस येतो.

टांगरा

कोलकात्यातले हक्का चिनी आधी जोडे शिवायचे. बेंटिंक स्ट्रीटवर त्यांच्या दुकानांची रांग होती. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यांच्यातली काही कुटुंबं कातडी कमावण्याकडे वळली. जागा निवडली सियालदहच्या पूर्वेची, धापा-टांगराची. दलदल, शहराचा कचरा आणि सांडपाणी जिथे जातं तो भाग. जमीन स्वस्त, पाणी मुबलक आणि वासाबद्दल तक्रार करायला शेजारी नाही.

मानवशास्त्रज्ञ एलन ऑक्सफेल्ड यांनी या समाजात राहून अभ्यास केला आणि १९९३ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांनी दाखवलेलं चित्र असं: कारखाना म्हणजेच घर. खाली पिंपं फिरतायत, वर कुटुंब राहतंय. मुलगा मोठा झाला की वेगळा कारखाना काढतो. म्हणून एक मोठी कंपनी कधी झालीच नाही, शेकडो छोटे कारखाने झाले. मालक चिनी, कामगार मुख्यतः बिहारहून आलेले चमार. शेजारच्या तिलजला-तोपसियात मुसलमान आणि पंजाबी कारखानदार.

छोटे छोटे शेकडो मालक म्हटल्यावर संघटना लागणारच. परवाना, वीज, विक्रीकर, रेल्वेचा माल अडकला, पोलीस दारात आले, प्रत्येक वेळी एकट्याने कुठे जायचं? चिनी समाजासाठी तर हा जगण्याचा प्रश्न झाला. १९६२ च्या युद्धानंतर भारतातल्या सुमारे तीन हजार चिनी माणसांना राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं गेलं. बाकीच्यांच्या फिरण्यावर बंधनं आली. कित्येक पिढ्या इथे काढलेली माणसं एका रात्रीत संशयित झाली. अशा वेळी समाजाची शाळा, दफनभूमी, मंदिर आणि धंद्याची संघटना याच भिंती उरतात.

मग १९७२ साली सीतारामय्या समितीचा अहवाल आला. कच्चं आणि अर्धवट कमावलेलं कातडं बाहेर पाठवण्याऐवजी तयार चामडं आणि वस्तू पाठवा, असं तिने सांगितलं. १९७३ पासून कच्च्या कातड्याची निर्यात थांबली. १९१९ च्या जकातीने जे साधायचं होतं ते अर्ध्या शतकानंतर घडलं. शिपर्सचा काळ संपला, कमावणाऱ्यांचा आला. टांगराच्या गल्ल्यांमध्ये पैसा आला. आणि गटारात क्रोम आलं.

पाणी

एक टन कच्चं कातडं कमावायला साधारण ३० ते ४० हजार लिटर पाणी लागतं. नेहमीच्या पद्धतीत वापरलेल्या क्रोमपैकी ६०-७० टक्केच कातड्यात मुरतं, बाकीचं पाण्याबरोबर वाहून जातं. त्याच्याबरोबर चुना, सल्फाईड, मीठ, केस, चरबी. टांगराचं हे सगळं पाणी पूर्वेच्या नाल्यांत जायचं. त्या नाल्यांवर काय आहे? पूर्व कोलकात्याची पाणथळ. तिथे शहराच्या सांडपाण्यावर मासे वाढवले जातात, भाजी पिकते आणि ती पुन्हा याच शहराच्या बाजारात येते. सुमारे १२,५०० हेक्टरांची ही पाणथळ २००२ पासून रामसर यादीत आहे.

आता धंद्याच्या दृष्टीने बघा. पाच-दहा पिंपांचा कारखाना स्वतःचं शुद्धीकरण केंद्र बांधू शकत नाही. जागा नाही, पैसा नाही. पण शेजारी मिळून बांधू शकतात. म्हणजे जे एकट्याला अशक्य आणि सगळ्यांना मिळून शक्य, असं काम धंद्यात कुठलं असेल तर ते हेच. संघटनेचा जन्म याच कामासाठी झाला असं म्हणावं, इतकं ते नेमकं आहे. आणि नेमकं तेच झालं नाही.

एम. सी. मेहता यांनी गंगेच्या प्रदूषणाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात १९८५ मध्ये याचिका केली. १९८७ मध्ये कानपूरच्या टॅनरींबद्दल निकाल देताना न्यायालयाने जे तर्कशास्त्र मांडलं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. किमान वेतन देऊ न शकणारा कारखाना जसा चालू ठेवता येत नाही, तशीच प्राथमिक शुद्धीकरणाची सोय करू न शकणारी टॅनरीही चालू ठेवता येणार नाही. म्हणजे सांडपाणी हा वरचा खर्च नाही, मजुरीसारखाच मूळ खर्च आहे.

मग हीच याचिका कोलकात्यावर आली. टांगरा, तिलजला, तोपसिया आणि पागलाडांगा मिळून सुमारे ५५० टॅनरी. न्यायालयाने स्थलांतराचा मार्ग सुचवला, राज्य सरकारने जागा दाखवली, टॅनरीवाल्यांनी जायची तयारी कबूल केली. पण जमिनीच्या किमतीचा पहिला हप्ता भरायची वेळ आली तेव्हा हात आखडले. जमिनीचा भाव जास्त आहे, नवीन जागी सोयी नाहीत, मुदत पुरत नाही, अशी कारणं येत राहिली. कारणं सगळीच खोटी नव्हती. ज्याचा कारखाना आणि घर एकच आहे, त्याला 'कारखाना हलवा' म्हणणं म्हणजे घर मोडायला सांगणं. तरीही वर्षं जात होती आणि पाणी वाहत होतं.

१९ डिसेंबर १९९६. न्या. कुलदीप सिंग आणि न्या. सगीर अहमद यांनी निकाल दिला. २८ फेब्रुवारी १९९७ पर्यंत किमतीचे २५ टक्के भरा, नाहीतर १५ एप्रिल १९९७ ला या चारही भागांतली टॅनरी बंद. शिवाय प्रत्येक टॅनरीला १०,००० रुपये प्रदूषण-दंड. देखरेख कोलकाता उच्च न्यायालयाच्या हरित खंडपीठाकडे.

प्रत्यक्षात स्थलांतर आणखी लांबलं. शहरापासून पूर्वेला, बासंती महामार्गावर, बानतला इथे सुमारे १,१०० एकरांवर कलकत्ता लेदर कॉम्प्लेक्स उभं राहिलं. त्याचं उद्घाटन २००५ मध्ये झालं. मोठे कारखानदार गेले. अनेक छोटे, विशेषतः चिनी, गेले नाहीत. मुलं आधीच टोरांटोला पोहोचली होती, म्हातारपणी नवीन कर्ज कुणासाठी काढायचं? काहींनी कारखान्याच्या जागेत हॉटेल काढलं. आज कोलकात्याला गेलेला मराठी पर्यटक टांगराला चिली चिकन खायला जातो तेव्हा तो बऱ्याचदा जुन्या टॅनरीच्या आवारातच बसलेला असतो.

बानतलाची जबाबदारी

बानतलात आज सामाईक सांडपाणी शुद्धीकरण केंद्र आहे, टॅनर्सची संघटना आहे, चामड्याच्या वस्तू करणाऱ्यांची इंडियन लेदर प्रॉडक्ट्स असोसिएशन आहे, तिचं प्रशिक्षणाचं काम आहे. ही खरी भर आहे, ती नाकारायचं कारण नाही. शंभर वर्षांपूर्वीची संघटना भाव आणि जकातीबद्दल बोलत होती, आजच्या संघटनेला पाणी, गाळ, केंद्राची वर्गणी यांबद्दल बोलावं लागतं. हा बदल न्यायालयाने रेटून आणला, स्वखुशीने आला नाही, हेही तितकंच खरं.

पण एक तारीख सांगितल्याशिवाय हा भाग संपवता येणार नाही. २ फेब्रुवारी २०२५, रविवार. बानतलाच्या याच चर्मसंकुलात गटाराच्या मॅनहोलमध्ये उतरलेले तीन सफाई कामगार मरण पावले. चारच दिवस आधी, २९ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्यासह सहा महानगरांत माणसाला गटारात उतरवण्यावर बंदी घातली होती.

गटार कुणाचं? टॅनरीवाला म्हणेल, माझ्या फाटकाबाहेरचं माझं नाही. संघटना म्हणेल, ते सरकारी यंत्रणेचं. यंत्रणा म्हणेल, ते ठेकेदाराचं. ठेकेदार म्हणेल, माणसं रोजंदारीवर होती. १९२९ मध्ये सुरी धरणाऱ्या हाताला संघटनेत जागा नव्हती. २०२५ मध्ये गटारात उतरणाऱ्या माणसाला तरी कुठे होती?

आपल्या घरचं उदाहरण देऊन थांबतो. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, पण कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सने पत्र लिहिलं. कंपनीने भारतीय परंपरेतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं आणि जुलैत तिचे लोक कोल्हापूरला येऊन कारागिरांना भेटले. यात त्या पत्राचा वाटा होता. संघटनेच्या पत्रात काय ताकद असते, याचा याहून ताजा दाखला नाही. कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन २०१९ चं आहे, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे मिळून. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंचे कारागीर कागदावर तरी एकत्र आहेत. पण त्या चपलेचं कातडं कुठे कमावलं जातं, ते पाणी कुठे जातं आणि त्यात हात घालणाऱ्याला दिवसाचे किती मिळतात, याबद्दलचं पत्र अजून कुणी लिहायचं आहे.

नीलरतन सरकार डॉक्टर होते. त्यांना ठाऊक असणार की चर्मविद्येत हात घातला की हात घाण होतात, आणि तरी त्यांनी तो घातला. त्यांची टॅनरी तोट्यात गेली म्हणून आपण तिला अपयश म्हणतो. पण धंद्याची मापं ठरवायची तर एक माप हेही धरायला हवं: सगळ्यांत खालच्या हाताचं काम आपलं मानायला वरचा माणूस किती खाली उतरला? ते माप लावलं तर कोलकात्याच्या सगळ्या जुन्या-नव्या संघटनांपेक्षा तो डॉक्टर मला मोठा वाटतो.

तुमच्या गावात, तुमच्या राज्यात कातड्याचा धंदा असेल, मग ते कोल्हापूर असो, अथणी-निपाणी असो, धारावी असो की कानपूर, तर एवढंच विचारून बघा: इथली संघटना नाल्यापर्यंत येते का? उत्तर मिळालं तर मला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.